एक हजार ऐंशी रेषा

रसाळकाका म्हणायचे, लग्नात कॅमेऱ्यानं
थोडं आंधळं असावं.
त्यांच्या खांद्यावरच्या जुन्या धुडाला
पाचशे शहात्तर रेषा दिसायच्या, बस्स.
त्यात नवरीची पुटकुळी मावायची नाही,
व्याह्यांच्या कोटावरचा मठ्ठ्याचा डागही नाही.
मी मागे हॅलोजन धरून उभा,
वायरीवर पाय देणाऱ्या मावश्यांवर खेकसत.

मग दोन हजार नऊच्या तुळशीच्या लग्नानंतर
मी हप्त्यावर एचडी आणला.
तापकीर गल्लीतल्या माणसानं माहितीपत्रक उलगडलं:
आडवे एकोणीसशे वीस, उभे एक हजार ऐंशी,
जुन्याच्या बरोब्बर पाचपट ठिपके.
विचारलं, पाचपट म्हणजे काय काय दिसेल?
तो म्हणाला, साहेब, जे आहे ते.

शिकलो हळूहळू.
की चित्र एका दमात येत नाही,
आधी विषम रेषा येतात, मग सम,
मधे सेकंदाचा पन्नासावा भाग.
दोन अर्धी चित्रं एकमेकांत विणायची
आणि एक म्हणायचं.
कुणी हललं नाही तर सांधा कळत नाही.
पण अक्षता उडताना थांबवून बघा:
दाणान् दाणा कंगव्यासारखा दातेरी,
अर्धा आधीचा, अर्धा नंतरचा.

ऑटोफोकस भोळा असतो, हेही शिकलो.
अंतरपाट धरला की तो कापडावरच्या
कुंकवाच्या स्वस्तिकाला चिकटून बसतो,
कापड खाली आलं तरी दोन श्वास चाचपडतो,
नेमके ज्या दोन श्वासांचे
आपल्याला पैसे मिळालेले असतात.
म्हणून मी शेवटच्या 'सावधान'आधीच
बोटानं रिंग फिरवून ठेवतो
कापडाच्या पलीकडे,
अजून न दिसणाऱ्या चेहऱ्यावर.

कर्वे रोडवरच्या कार्यालयात
होनपांच्या मृण्मयीचं लग्न झालं.
धायरीच्या खोलीत रात्री दीड वाजता
मी सप्तपदी जोडत होतो.
नवरीच्या मागे, खुर्चीत, तिची आई.
पदर सारखा करायला हात वर गेला,
हिरव्या काचेच्या बांगड्या कोपराकडे घसरल्या
आणि मी स्पेसबार दाबला.

मनगटावर एक फिकट पट्टा,
पंचवीसेक वर्षं ऊन न लागलेली कातडी.
साखरपुड्याच्या टेपवर त्याच जागी पाटल्या आहेत.
दोनदा ताडून बघितलं, चोरासारखं.
त्याच फ्रेमच्या कडेला होनपकाका
केटररला पाकीट देताहेत,
मोजायची गरज नाही असं हातानं सांगत.

शॉट कापता आला असता.
पण पाऊल सहावं होतं.
कापलं तर नवरी
पाचावरून थेट सातावर गेली असती.

ठेवला.
होनपांकडे जुना डबा टीव्ही,
म्हणून डीव्हीडी काढून दिली,
म्हणजे पुन्हा पाचशे शहात्तर.
पट्टा कातडीत विरघळून गेला.
काका पेढे घेऊन आले,
म्हणाले, क्लिअर आलंय हो, अगदी क्लिअर.
मी पेढा तोंडात धरून नुसती मान हलवली.

परवा मृण्मयीचा फोन.
आई मार्चमध्ये गेली म्हणाली.
बाणेरला भिंतभर टीव्ही घेतलाय,
त्यावर डीव्हीडी नुसता चिखल दिसते.
मूळ असेल ना तुमच्याकडे?
आईला एकदा नीट बघायचंय.

शोधतो, म्हटलं.
शोधायचं काय त्यात. वरच्या खणात,
बुटांच्या खोक्यात, नावासकट ठेवलेली.

टेप उतरवायला टेपइतकाच वेळ लागतो,
तिथे घाई चालत नाही.
आत्ता मंगलाष्टकं चालू आहेत,
मामा घाम पुसतोय, एक पोर रडतंय.
सप्तपदीला अजून पंचवीस मिनिटं.
मी चहा टाकतो.